कमरेच्या दोरीतील वीतभर सूत

पैठणच्या धरणामागे पसरलेल्या नाथसागराच्या उत्तर काठावर आमची टेंभी वस्ती आहे. वस्तीत भोई समाजाची एक्केचाळीस घरे असून पाण्यावर जाणारे तराफे एकोणीस आहेत. या एकोणीस तराफ्यांना लागणारी जाळी व दोऱ्या तयार करण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम गेली अठ्ठावीस वर्षे गोजरबाई कडुबा लिंबोरे या करीत आहेत. त्यांचे वय पंचावन्नच्या आसपास आहे. मी त्यांच्या पतीचा मित्र. गुडघ्यांमुळे पाण्यावर जाणे सुटल्यापासून मी रोज त्यांच्या दारातील लिंबाखाली बसतो आणि जाळ्याच्या खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवून देतो. म्हणून जे लिहितो ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेले आहे.

ज्यांनी आमचे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडे सांगणे आवश्यक आहे. आमचा तराफा थर्माकोलचा असतो. थर्माकोलचे मोठे ठोकळे प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळायचे, वरून बांबूची चौकट बांधायची आणि त्यावर मांडी घालून बसायचे. लाकडी होडीला दोरी बांधायला खुंटी तरी असते. तराफ्याला तसे काहीच नाही. बांबूला ताण दिला तर चौकट निखळते. जाळे सोडताना दोन्ही हात वल्ह्याला लागतात. तेव्हा जाळ्याच्या टोकाची दोरी माणूस स्वतःच्या कमरेला बांधतो. ही रीत तराफ्यांच्याही आधीची आहे. धरण होण्याआधी गोदावरी नदीसारखी वाहत होती आणि आमचे आजे वाळलेल्या भोपळ्यांच्या आधाराने तीत उतरत होते, तेव्हाही दोरी कमरेलाच असे. जाळे हे घराचे पोट आहे आणि ते सोडून परत येणारा माणूस हलका समजला जातो. "जाळं टाकून आला" हे वाक्य आमच्याकडे शिवीसारखे वापरतात.

वैशाखात पाणी खाली जाते. बुडालेल्या गावांच्या विहिरींचे काठ आणि घरांच्या भिंती तेव्हा पृष्ठभागाच्या जवळ येतात व जाळे त्यांत अडकते. त्याच महिन्यात दुपारी तीननंतर पश्चिमेचे वारे सुटते. दहा मिनिटांपूर्वी ताटासारखे सपाट असलेले पाणी पुरुषभर उंच होते. जाळे खाली अडकलेले, तराफा वर उचलला जात आहे, आणि या दोहोंच्या मध्ये माणसाची कंबर.

कडुबा सहा वर्षांपूर्वी असाच गेला. दुसऱ्या दिवशी तो सापडला तेव्हा जाळे विहिरीच्या काठाला होते आणि तो जाळ्याला होता. आम्ही त्याला काठावर आणले. दोरीची गाठ फुगून दगडासारखी झाली होती. ती कोणाला सुटेना, म्हणून गोजरबाईंनी स्वतः विळ्याने दोरी कापली. कापल्यावर त्या रडल्या नाहीत. त्यांनी ती दोरी हातात घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपून पाहिली. एकही धागा तुटलेला नव्हता. दोरी त्यांनीच वळलेली होती. गोजरबाईंची दोरी तुटत नाही, असा त्यांचा पैठणपर्यंत लौकिक होता, आणि त्या दिवशीही कोणीतरी नकळत बोलून गेलेच, "दोरी बाकी लई पक्की."

त्यानंतर शहरातील एका सेवाभावी मंडळाने आमच्या वस्तीत नारिंगी रंगाची तरंगणारी जाकिटे वाटली. छायाचित्रे काढण्यात आली. आम्ही सर्वांनी ती अंगात घालून नमस्कार केला. हेतू अत्यंत चांगला होता, हे मी मनापासून नमूद करतो. परंतु जाळे ओढताना त्याचे तरंगणारे ठोकळे जाकिटाच्या पट्ट्यांत अडकत आणि वैशाखाच्या उन्हात अंग उकडून निघे. वर्षभरात एक जाकीट शेळीच्या पिलाच्या अंगावर दिसले, दोन एका लग्नात नवरदेवाच्या मांडवात लोड म्हणून ठेवलेली होती, आणि उरलेली खुंट्यांवर टांगली गेली. गोजरबाई एकदा म्हणाल्या, "तरंगणारं जाकीट घालून खाली बांधलेला माणूस तरंगंल व्हय, भावजी? आदी खालचं तर सोडा." त्या वेळी मला त्या वाक्याचा अर्थ पूर्णपणे समजला नव्हता.

त्यांना सुदर्शन हा एकुलता मुलगा आहे. वडील गेल्यावर तो वाळूजला एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. गोजरबाई त्या दिवसांत निश्चिंत होत्या. दोन वर्षांपूर्वी कंत्राट संपले. सुदर्शन परत आला, त्याने वडिलांचा तराफा उन्हात काढला, फाटलेली ताडपत्री बदलली आणि कमरेला दोरी बांधून तो पाण्यावर जाऊ लागला. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

"कंबरंला नको बांधू," आई म्हणाली.

"मग कुठं बांधू? गळ्याला?"

"हातात धर."

"अन् वल्हं दातात धरू? आये, तू दोरी वळ. वल्हवायचं आमचं आमी बघतो."

"तुझ्या बापानं बी असंच म्हणलं होतं."

त्याने वल्हे उचलले. मग म्हणाला, "बापानं जाळं सोडलं नाय. मी सोडलं तर लोक काय म्हणतील? कडुबाचं पोरगं जाळं टाकून पळालं, असंच का नाय?"

तो तराफा खांद्यावर घेऊन निघून गेला. त्या दिवशी गोजरबाईंनी सुई हातात घेतली नाही. मी शिसे ओवीत होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी मला एक प्रश्न विचारला.

"भावजी, तुमच्या लहानपणी नदीत माणसं मरायची?"

"मरायची की. पुरात मरायची."

"कंबरंच्या दोरीनं कोण मेलं व्हतं?"

मी आठवू लागलो. माझ्या वडिलांच्या काळापर्यंत मागे गेलो. पुरात वाहून गेलेले, साप चावलेले, दारू पिऊन उतरलेले असे अनेक आठवले. परंतु दोरीने खाली ओढलेला एकही मनुष्य मला आठवेना. दोरी तर तेव्हाही कमरेलाच होती. मग मला हेही आठवले, की माझे वडील त्या दोरीला सतत शिव्या घालीत. ती सुताची असे. ओल्याने कुजे, जरा जोराचा हिसका बसला की तुटे, जाळे वाहून जाई आणि वडील पोहत घरी येऊन आईवर राग काढीत.

मी हे गोजरबाईंना बोलून दाखवले.

आमच्या वस्तीत नायलॉनच्या दोरीचा पहिला गुंडाळा पैठणच्या बाजारातून मी आणला होता. याला चाळीसएक वर्षे झाली. लोकांनी माझे कौतुक केले. रीत जुनीच राहिली आणि दोरी मात्र बदलली. यात काही चुकत आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. या गोष्टीचा दोष मी कोणावर टाकीत नाही, पण ती लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघे शहरातल्या छावणीच्या आठवडी बाजारात गेलो. तेथे जनावरांची दावी, कासरे, मोरक्या विकणारे बसतात. गोजरबाईंनी एका म्हाताऱ्या दुकानदाराकडील सुती दोऱ्या एकेक करून ओढून पाहिल्या.

"म्हैस है या बैल?" त्याने विचारले.

"माणूस हाय," गोजरबाई म्हणाल्या. "मला तुटणारी दोरी पाहिजे."

"तुटनेवाली? बाई, चालीस साल से बैठा हूँ, ऐसा गिऱ्हाइक पहली बार आया." तो हसला आणि त्याने सर्वांत हलके सूत काढून दिले. "ये लो. इसकी शिकायत लेके मत आना."

घरी आल्यावर त्यांनी लिंबाच्या फांदीला सूत बांधले आणि त्याला पाण्याचे वीस लिटरचे कॅन टांगले. मासळीसह जाळे ओढताना एका कॅनएवढा ताण येतो, असा आमचा अंदाज होता. दोन कॅनला दोरी तुटली पाहिजे, कारण त्यापुढे तराफा कलंडू लागतो. कोरडे सूत दोन कॅनला बरोबर तुटले. मी समाधानाने उठू लागलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "पाण्यात कोरडं राहतंय व्हय ते?"

त्यांनी सूत रात्रभर भिजवून ठेवले आणि सकाळी पुन्हा कॅन टांगले. ओले सूत दोन कॅनला तुटले नाही. तिसऱ्यालाही तुटले नाही. ओल्याने ते घट्ट झाले होते. गोजरबाईंनी एक पदर काढून टाकला, पुन्हा भिजवले, पुन्हा टांगले. हे नऊ दिवस चालले. कॅन पडून माझ्या पायाचा अंगठा सुजला, हेही त्या अभ्यासाचाच भाग होय. नवव्या दिवशी ओले सूत एका कॅनला टिकले आणि दुसरा कॅन टांगताच कट्कन तुटले. एका हंगामानंतर ते कुजेल आणि बदलावे लागेल, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

यापुढे त्यांनी जे केले ते बरोबर की चूक, याचा मी आजही विचार करतो. त्यांनी कोणालाही काही सांगितले नाही. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कमरेच्या दोरीत त्यांनी वीतभर सूत जोडले आणि त्यावर निळा नायलॉनचा बारीक धागा इतक्या सफाईने गुंडाळला, की बोटांनाही ते कळू नये. पहिले सूत सुदर्शनच्या दोरीत गेले.

"वैनी, सांगून टाका," मी म्हणालो.

"सांगितलं तर घेतील व्हय कोणी? तुमी घेतलं असतं तुमच्या वयात?"

मी घेतले नसते. म्हणून मी गप्प राहिलो आणि त्या लपवाछपवीत सामील झालो.

सतरा दोऱ्यांत सूत गेले होते, तेव्हा राजकुमारचे जाळे गेले. राजकुमार हा वस्तीतला सर्वांत धाडसी आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा तरुण. चैत्रातली सकाळ होती आणि वारा फारसा नव्हता. त्याचे जाळे एका भिंतीला अडकले, त्याने जोर लावून ओढले आणि दोरी तुटली. नवे कोरे जाळे पाण्यात राहिले. तो तुटलेले टोक घेऊन तडक गोजरबाईंच्या दारात आला. मागोमाग त्याची बायको रूपा धावत आली.

"काकू, ही काय हिकमत हाय? दोरीत सूत?"

"व्हय, सूत हाय."

"कोणी घातलं?"

"म्या घातलं."

नाकारले जाईल अशी त्याची अपेक्षा असावी. तो अडखळला, मग दुप्पट आवाजाने म्हणाला, "म्हंजी तुमी मुद्दाम माझं जाळं घालवलं! आमी विश्वासानं दोरी देतो अन् तुमी दगा करता?"

"तुला जाळं मी विणून देते. एक महिन्यात देते."

"मला जाळं नको, मला इमान पाहिजे."

"इमान म्हणत असशील तर चुकलंच माझं," गोजरबाई म्हणाल्या. "न सांगता केलं ते चुकलं. पण तू उभा राहून भांडतोयस, ते मला ऐकायला लई बरं वाटतंय."

रूपा पदर तोंडाला लावून हसली. राजकुमारने तिच्याकडे रागाने पाहिले.

त्याच दिवशी दुपारी मच्छीमार संस्थेच्या शेडमध्ये सर्व जमले. फार बोलले गेले. एकाने म्हटले, की नवरा गेल्यापासून बाईचे डोके ठिकाणावर नाही. मी म्हातारपणी रात्रीच्या प्रौढ शाळेत जातो, त्यावरून दुसऱ्याने मला उद्देशून टोमणा मारला, "रामकिसन काका आता साळंत जातात ना, त्यांनीच काढली असंल ही अक्कल." अध्यक्षांनी अखेर विचारले, "गोजराक्का, सरळ सांगा, आता काय करायचं?"

गोजरबाई शेडच्या कडेला बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"ज्याला सूत नको त्याच्या दोरीतलं मी काढून देते. पण दोरी त्यानं आणायची नाय. त्याच्या घरच्या बाईनं आणायची. आई असंल, बायको असंल. तिनं माझ्या म्होरं बसून म्हणायचं, गोजरा, सूत काढ. मी त्याच घडीला काढते. एक सबूद बोलणार नाय."

  सभा तशीच उठली.

पुढच्या आठ दिवसांत तीन बायका आल्या. त्यांपैकी एक म्हातारी म्हणाली, "जाळं एकच हाय बाई आमच्याकडं, ते गेलं तर चूल बंद." गोजरबाईंनी दिलेला शब्द पाळला, सूत काढून, नायलॉन जोडून, दोरी तिच्या हातात ठेवली. म्हातारी गेल्यावर मात्र त्या बराच वेळ मोकळ्या हातांनी बसून राहिल्या. रूपा आली नाही. राजकुमारने तिला दोनदा पाठवले, असे मी ऐकले. दोन्ही वेळा ती वाटेतूनच वळून माहेरच्या आळीत जाऊन बसली.

नवव्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर सुदर्शनने आपली दोरी आईच्या पुढ्यात ठेवली.

"माझ्या घरची बाई तूच हायेस. काढ सूत."

गोजरबाईंनी त्याच्याकडे पाहिले.

"शेडमंदी सगळे मला हसतात," तो म्हणाला. "आईच्या पदराला बांधून पाण्यावर जातो म्हणतात. तू सगळ्यांसमोर शब्द दिलाय. का तो फक्त दुसऱ्यांच्या पोरांसाठी व्हता?"

मी मध्ये काही बोलणार होतो, पण त्यांनी हाताने मला थांबवले. शब्द मोडावा तर उद्या कोणीही त्यांचे ऐकणार नव्हते. पाळावा तर हीच दोरी पुन्हा त्यांच्या हातून तयार होणार होती. त्यांनी विळा घेतला. सूत कापले. नायलॉनच्या दोन्ही टोकांचे पदर उलगडून एकमेकांत विणले आणि ओढून पाहिले. दोरी पूर्वीसारखी पक्की झाली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता चल."

"कुठं?"

"पाण्यावर. मी बी येते."

आमच्या वस्तीत बायका तराफ्यावर बसत नाहीत. सुदर्शनला प्रथम चेष्टा वाटली. पण आई पदर खोचून काठापर्यंत गेली आणि तराफ्यावर चढून बसलीसुद्धा. मग तिने दोरीचे टोक उचलले आणि स्वतःच्या कमरेला दोन वेढे घालून गाठ मारली.

"आये, हे काय?"

"तुझं म्हणणं खरं हाय, दोन्ही हात वल्ह्याला लागतात. तू वल्हव. दोरी माझ्याकडं राहू दे."

काठावर दहाबारा जण जमा झाले होते. कोणीतरी ओरडले, "सुदर्शन, आईला घेऊन मुंबईला चालला व्हय?" त्याने मान खाली घातली आणि वल्हे मारले.

पुढे पाण्यावर काय घडले ते मला दोघांनी वेगवेगळे सांगितले. दोन तासांत बरेचसे जाळे सोडून झाले. वारे येण्याची वेळ झाली होती, पण ते पूर्ण सुटले नव्हते. लहान लाटा होत्या. सुदर्शन पुढे तोंड करून वल्हवीत होता. जाळे खाली कशाला तरी लागले. तराफा एकदम थांबला आणि आई काही न बोलता मागच्या बाजूला वाकली. त्याने वळून पाहिले. गोजरबाई सांगतात, की दोरी अजून नीट ताणलीसुद्धा नव्हती. सुदर्शन सांगतो, की दोरी आईच्या लुगड्यात इतकी रुतली होती, की कंबर दोन भागांत दिसत होती. खरे काय ते मला ठाऊक नाही. मला एवढे ठाऊक आहे, की त्याने वल्हे पाण्यात टाकून दिले, पिशवीतली मासळीची सुरी काढली आणि दोरी कापली.

"अरं, आजून काय झालं नव्हतं," आई म्हणाली. "जाळं गेलं ना सगळं."

"झालं असतं."

"झालं असतं, पण झालं नव्हतं. थोडं थांबायचं."

"आये, गप बस," तो म्हणाला. वल्हे वाहून गेले होते. दोघांनी हातांनी पाणी मारीत तराफा काठाला आणला. त्याला तास लागला.

काठावरचे लोक अजून होते. जाळे दिसत नव्हते, हे सर्वांनी पाहिले. राजकुमारने तोंड उघडले, पण सुदर्शनने त्याला बोलू दिले नाही. त्याने आईच्या कमरेला राहिलेला दोरीचा तुकडा सर्वांना दाखवला आणि म्हणाला, "तुमच्या आईला बांधून बघा एकदा. मग मला हसा." त्याने ती गाठ सोडवण्याचा प्रयत्न केला. ओल्याने ती आवळली होती, त्याला सुटली नाही. शेवटी रूपाने पुढे होऊन सोडवली.

या गोष्टीला एक वर्ष झाले. आता गोजरबाई सुतावर निळा धागा गुंडाळीत नाहीत. दोरीतला तो वीतभर भाग पांढरा ठेवतात. कुजू लागला की काळा पडतो आणि बदलण्याची वेळ झाली हे दुरूनही कळते. एकोणीसपैकी पंधरा तराफ्यांवर अशी दोरी आहे. चार तराफ्यांवर नाही, आणि त्या चार घरांतील बायकांशी गोजरबाई पूर्वीसारख्याच बोलतात. सुदर्शन स्वतःचे सूत स्वतः भिजवून कॅन टांगून तपासतो. आईने तपासलेले त्याला पुरेसे वाटत नाही, यावरून दोघांची भांडणे होतात.

यंदाच्या वैशाखात वारे मोठे होते. तीन जाळी गेली. तिन्ही माणसे पोहत घरी आली. त्यांतील एकजण जाळे गेल्याच्या रागाने अजून गोजरबाईंशी बोलत नाही. तो त्यांच्या दारावरून तोंड फिरवून जातो, आणि तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत गोजरबाई त्याच्याकडे पाहत राहतात.